समेचे काका

समेचे काका 'वा' म्हणायचे ते अर्ध्या मात्रेनंही कधी मागे-पुढे व्हायचं नाही. तालाचं आवर्तन फिरून फिरून पहिल्या मात्रेवर येतं, तिला सम म्हणतात, आणि मैफलीला आलेल्या निम्म्या लोकांना ती गाणाऱ्याच्या मानेवरून कळते. काकांना ती मानेच्याही आधी कळायची. गाणारा समेवर येऊन टेकतो न टेकतो तोच पहिल्या ओळीच्या डाव्या टोकाकडून भरदार आवाजात एकच शब्द यायचा, 'वा!' पुढे काही नाही. मान डोलावणं नाही, मांडीवर थाप नाही, शेजाऱ्याकडे बघून डोळे मिटणं नाही. एक 'वा' आणि पुन्हा गप्प. म्हणून आम्ही वाजवणाऱ्यांनी त्यांना हे नाव दिलं होतं. खरं आडनाव मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावरही ते कधी तोंडात बसलं नाही.

हा नव्वद-एक्याण्णवचा सुमार. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता गाण्याची बैठक असे. खाली लाल मातीत पैलवान शड्डू ठोकायचे आणि वर आम्ही तंबोरे जुळवायचो. कधी खालून एखादी आरोळी नेमकी गाणाऱ्याच्या आलापात घुसायची, आणि परगावचा गवई दचकून दाराकडे बघायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. मी पंचायत समितीत कारकून होतो, पण स्वतःला तबलजी समजत होतो. महिनाभर टपालाच्या नोंदी करायच्या त्या या एका रविवारसाठी, असं माझं चाललं होतं.

काका-काकू पावणेआठला जिना चढायचे. काका पुढे, काकू दोन पायऱ्या मागे, आणि काकांचा एक हात मागे पसरलेला, तो धरून काकू वर यायच्या. त्या काळात साठीच्या आसपासचं जोडपं असं चारचौघांत हात धरून चालत नसे. देवाला जाताना सुद्धा नवरा चार पावलं पुढे आणि बायको मागून, अशीच आमच्याकडची चाल. त्यामुळे खाली तालमीतली पोरं आपसात हसायची. काकांच्या ते गावीही नसे. वर येऊन ते काखेतली छोटी सतरंजी पहिल्या ओळीच्या डाव्या टोकाला अंथरायचे, काकू बसल्या की मग आपण बसायचे. काकूंच्या पिशवीत थर्मास, दशम्या आणि लसणाची चटणी. काकांचा सदरा पांढराशुभ्र, आणि बाहीखाली मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे जुने बारीक डाग. फौंड्रीत कास्टिंग घासायच्या मशिनवर त्यांनी तीस वर्षं काढली होती.

काकू म्हणजे गव्हाळ, किरकोळ बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही आणि बैठकीत तोंडातून कधी अक्षर निघालं नाही. बसल्या की त्या काकांचं मनगट आपल्या पदराखाली घेऊन बसायच्या. मला ते पाहून हसू यायचं. म्हातारा पळून जाईल अशी हिला भीती वाटते की काय, असं मी एकदा पेटीवाल्या दिनकरला म्हणालोही होतो.

मी पहिल्यांदा काकांचा 'वा' मिळवला तो एका तोडीच्या ख्यालाला साथ करताना. साथीत तबलजीला मोकळीक थोडी. गाणाऱ्याबाईंनी जरा जागा दिली, मी एक लहानसा तुकडा वाजवून समेवर आलो, आणि डावीकडून 'वा!' आला. बाईंनी गाता गाता माझ्याकडे वळून पाहिलं. त्या दिवशी मी घरी जेवताना आईला तो तुकडा ताटावर वाजवून दाखवला. पुढे तर मला त्या 'वा'ची चटकच लागली. रियाजाला बसलो की मनात काका डावीकडे बसलेले असत. दुसऱ्या तबलजीला त्यांनी तीनदा 'वा' दिला आणि मला दोनदा, तर माझा आठवडा वाईट जायचा. कुणी नवा गवई भेटला की मी सांगायचो, आमच्याकडे एक जाणकार आहेत, त्यांच्यापुढं वाजवायचं म्हणजे गंमत नाही. जाणकार माझे, हा त्यातला खरा मुद्दा.

काका स्वतः जाणकारीचा आव कधी आणायचे नाहीत, हे आता मला सांगितलंच पाहिजे. कुणी समोर येऊन विचारलं, काका, आजचा जौनपुरी कसा वाटला, तर ते त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "नाव-गाव आम्हांस्नी म्हाईत न्हाय. बरं वाटलं, वा म्हटलं." एवढं बोलून काकूंकडे बघायचे. त्यांचा आवाज नेहमीच असा, तालमीच्या दारात उभं राहून बोलले तरी चौकापर्यंत जाईल. मी याला मोठ्या माणसाचा साधेपणा समजत होतो. मागून हाक मारली तर ते वळत नसत, त्याला मी मोठ्या माणसाची बेफिकिरी समजत होतो. ज्याला स्वतःचं कौतुक ऐकायचं असतं त्याला दुसरं फारसं काही दिसत नाही, त्यातला मी.

बैठक नसलेल्या रविवारी दोघं एसटीनं बाहेर पडायचे. मुरगूडला कुणाच्या तरी उरुसात भजनाच्या स्पर्धा असोत, कुरुंदवाडच्या घाटावर सनई-चौघडा असो, नाहीतर रंकाळ्याच्या काठी संध्याकाळी एखादा बँड वाजत असो, हे दोघं हजर. पेठेत त्यावर बरंच बोललं जायचं. सुनेच्या हाती घर सोपवून सासू नवऱ्याबरोबर गाणी ऐकत हिंडते, हे बायकांना पटत नव्हतं, आणि पुरुषांना तर काकांची कीवच यायची. काकांचं यावर एकच म्हणणं होतं, ते मी मुरगूडच्या गाडीत त्यांच्या तोंडून ऐकलं. मी भजनी मंडळाच्या साथीला निघालो होतो, ते ऐकायला. त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "तीस वर्षं मी मशिनचा आवाज ऐकला, हिनं सासूचा. आता दोघांनी मिळून चांगलं ऐकायचं." काकू पदराआड हसल्या आणि त्यांनी काकांच्या मनगटावर हळूच चापट मारली.

त्या दिवशी मुरगुडात मी चांगलं वाजवलं. परत येताना काकूंनी मला दोन दशम्या दिल्या आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, तुझा डावा हात गोड हाय, पण उजव्याला घाई हाय. मी वरवर हो म्हटलं आणि विसरून गेलो. नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं काहीतरी बोलत असतील, अशी माझी समजूत.

मग नव्व्याण्णवची ती दिवाळी आली. बैठकीनंतर आम्ही वाजवणारे खाली तालमीसमोरच्या टपरीवर चहाला थांबायचो. मी नेहमीप्रमाणे मला किती 'वा' मिळाले याचा पाढा वाचत होतो. दिनकर बराच वेळ ऐकत होता. मग त्यानं कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, "विलास, तुझा तो जाणकार ठार बहिरा हाय. माझा भाऊ त्याच फौंड्रीत हाय की. रिटायर व्हायच्या आधी सात-आठ वर्षं त्यास्नी भोंगा सुद्धा ऐकू येत न्हवता."

सगळे हसले. हसणारच. नऊ वर्षं मी ज्याच्या 'वा'वर छाती फुगवून हिंडत होतो त्या माणसाला माझा एक बोलही ऐकू गेलेला नव्हता. मी खोटं हसलो, चहा अर्धा टाकला आणि घरी आलो. त्या रात्री मला काकांची कीव आली असती तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. मला राग आला. या माणसानं मला फसवलं, पहिल्या ओळीत बसायला मिळावं म्हणून सोंग केलं, आणि माझं हसं केलं, असंच मला वाटत राहिलं.

पुढच्या बैठकीला माझं लक्ष गाण्यात नव्हतंच. मी काकांच्या मनगटाकडे बघत होतो. पदर जरा सरकलेला होता. सम जवळ आली की काकूंची तर्जनी त्या मनगटावर उचलली जायची आणि समेला खाली यायची. ती आली की 'वा!' माझं कोडं सुटलं. पण कसं सुटलं बघा. ज्या बाईचं बोट इतकी वर्षं एकदाही चुकलं नव्हतं, ती बाई कोण असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरलाच नाही. मला फक्त लबाडी पकडल्याचा आनंद झाला.

त्यानंतरच्या महिन्याच्या बैठकीला माझं स्वतंत्र तबलावादन होतं. नऊ वर्षांनी मिळालेला तो मान. दिनकर पेटीवर लहरा धरणार होता. लहरा म्हणजे एकच सुरावट आवर्तनभर फिरत ठेवायची, म्हणजे वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सम कुठे आहे ते कळत राहतं. मी आदल्या दिवशी दिनकरच्या घरी जाऊन सगळं ठरवलं. मी एक तिहाई घेईन. तिहाईत एक बोल तीनदा वाजवायचा असतो आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर पडायचा असतो. मी तो 'धा' दोन मात्रा आधीच टाकीन आणि हात वर उचलून थांबेन. दिनकरनं तेवढ्यापुरता लहरा अगदी बारीक करायचा. दिनकर म्हणाला, जाऊ दे रे, म्हातारं माणूस हाय. मी म्हणालो, गंमत आहे, कुणी मरत नाही.

वादन चांगलं रंगलं होतं. खरं सांगतो, तसं मी पुन्हा कधी वाजवलं नाही. सुरुवातीचा संथ पेशकार झाला, मग बोल वाढवत नेणारे कायदे झाले, काकांचे चार 'वा' आले. मग मी तिहाई उचलली. पहिला बोल, दुसरा, तिसरा, आणि जोरकस 'धा'. हात वर. माडीवर शांतता. आणि त्या शांततेत काकांचा 'वा!' घुमला.

दोन मात्रांनी खरी सम आली. दिनकरनं पेटी मोठी केली, मी 'धा' मारला, आणि समोरच्या मायक्रोफोनकडे वाकून म्हणालो, "काका, सम आत्ता आली. तुम्ही लई लवकर आलासा."

माडी हसली. ज्यांना कळलं नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी कानाकडे बोट दाखवून समजावलं, मग ते हसले. सगळ्या माना काकांकडे वळल्या. काकांनी ते हसणं पाहिलं, आपल्याकडे वळलेले चेहरे पाहिले, आणि काहीतरी फार छान घडलं असं समजून तेही मोठ्यानं हसले. अर्धवट उठून त्यांनी मला हात जोडले आणि पुन्हा म्हणाले, "वा!"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मग काकांचं मनगट सोडून त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घेतले. वादन अजून पाऊण तास चाललं. काका मधून मधून त्यांच्याकडे बघत, मनगट थोडं त्यांच्या बाजूला सरकवत. काकूंनी हात उचलला नाही. त्या पाऊण तासात डावीकडून एकही 'वा' आला नाही आणि मला ताल सांभाळणं जड जायला लागलं. संपल्यावर जिन्यात काकांनी नेहमीसारखी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, आज लई रंगलं, समदी हसत होती. काकू दोन पायऱ्या मागे होत्या. त्यांनी कठडा धरला होता.

पुढच्या बैठकीला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. डावीकडची जागा काही महिने रिकामी राहिली, मग तिथे एक सराफ बसायला लागले. मी काकांच्या गल्लीतून जायचं बंद केलं. रंकाळ्यावर फिरायला गेलो की आधी दुरून बघायचो, ते दोघं नाहीत ना, आणि मग काठावर जायचो. लाज मला पहिल्याच दिवशी वाटली होती, पण लाज वाटणं आणि जाऊन पाय धरणं यांत बरंच अंतर असतं. मी त्या अंतरात दोन वर्षं काढली. या काळात माझं वाजवणं उतरलं. कुणी काही बोललं नाही, बोलावणी तेवढी कमी झाली.

दोन वर्षांनी ऑफिसात त्यांच्या गल्लीतला एक माणूस दाखल्यासाठी आला होता. बोलता बोलता मी विचारलं, समेचे काका कसे आहेत. तो म्हणाला, काका टुणटुणीत आहेत, काकूंचे गुडघे गेले, जिना चढवत नाही, म्हणून दोघं कुठे जात नाहीत. हे ऐकून मला जो आनंद झाला त्याची आजही मला शरम वाटते. एका बाईचे गुडघे गेले म्हणून मी सुटलो. म्हणजे ते माझ्यामुळे बंद झाले नव्हते तर. त्या संध्याकाळी मी चक्क शीळ घालत घरी गेलो, आणि रविवारी पाव किलो पेढे घेऊन त्यांना भेटायला निघालो.

दार उघडंच होतं. सून माहेरी गेलेली, घरात सामसूम. मी हाक मारणार, तेवढ्यात समोरच्या लाकडी शिडीवरून काकू खाली उतरताना दिसल्या. गच्चीवर सांडगे वाळत घातले होते, त्याचं मोठं ताट दोन्ही हातांत धरून, शिडीला हातही न लावता, भराभर उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी मला पाहिलं. मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. दोघांनाही काय समजायचं ते समजलं.

"बस," त्या म्हणाल्या. "हे बाजारला गेल्यात. येतील आता."

मी बसलो नाही. पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा राहिलो आणि दोन वर्षं मनात घोटलेलं सगळं एका दमात बोललो. चुकलं म्हणालो, काकांची माफी मागायला आलोय म्हणालो. काकूंनी ताट खाली ठेवलं, पदरानं हात पुसले.

"त्यास्नी काय सांगणार हाईस?" त्यांनी विचारलं. "लोक कशाला हसले ते त्यास्नी म्हाईत न्हाय. मी सांगितलंय, तू विनोद केलास म्हणून हसले. आता तू माफी मागितलीस तर कशाची, ते सांगाय लागंल."

मग काकूंनी जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं. त्यांचं माहेर कुरुंदवाड. वडील देवळात पखवाज वाजवायचे आणि भावाला शिकवायचे. या शेजारी बसून शेंगा फोडायच्या. भावाला काही आलं नाही, यांना सगळं आलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी काकांनी त्यांना पहिल्यांदा गाण्याला नेलं. गाणं रंगलं की काकू न राहवून नवऱ्याचा हात दाबायच्या, कारण बायकांनी चारचौघांत मोठ्यानं दाद द्यायची सोय नव्हती. काकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हिचा हात दाबला गेला की ते हिच्या वतीनं 'वा' म्हणायचे. पुढे कान गेले. काकू म्हणाल्या, आता बंद करू, तुम्हाला काय उपयोग. तर काका म्हणाले होते, "मला तुझं बोट पुरतंय की."

म्हणजे नऊ वर्षं मला दाद मिळत होती ती काकूंची. खरी होती. पुरेपूर जाणकाराची होती. आणि मी तीच सोंग म्हणून उघडी पाडली होती.

मला एक गोष्ट मात्र कळत नव्हती, आणि निर्लज्जासारखी मी ती विचारलीही. इतका पक्का ताल असलेल्या बाईला ती खोटी तिहाई कळली कशी नाही? लहरा बारीक झाला तरी मात्रा मोजल्या असत्या तर सम दोन मात्रा पुढे आहे हे त्यांना झोपेतही कळलं असतं.

काकूंनी वाकून ताटातले सांडगे सारखे केले. "दुसऱ्या कुणाचं वाजवणं असलं की मी मोजायची," त्या म्हणाल्या. "तुझं असलं की न्हाय मोजायची. तू बरोबर आणतोस म्हणून सोडून द्यायची तुझ्यावर."

मला तिथे उभं राहवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, काकू, जिन्याची भानगड नको, मी इथं घरी येऊन वाजवतो, तुम्ही दोघंच ऐका. त्यांनी मान हलवली. रागानं नाही. भाजीवाल्याला आज नको म्हणतात तसं.

"नगो. आता मी मोजत बसंन," त्या म्हणाल्या.

बाहेर काकांचा आवाज आला, वाटेत कुणाशी तरी बोलत होते. काकूंनी चटकन भिंतीला टेकून बसकण मारली, एक पाय लांब केला आणि गुडघ्यावर हात ठेवला. मला एकदम लक्षात आलं की गेली दोन वर्षं दिवसातून कितीतरी वेळा या बाईला हे असं करावं लागत असणार. जिच्या अंगात ताल होता, जी एसटी धरून मुरगूड-कुरुंदवाड हिंडत होती, ती नवऱ्याला लोक पुन्हा हसू नयेत म्हणून घरात पांगळी होऊन बसली होती.

काका आत आले, मला बघून त्यांचा चेहरा फुलला. पिशवी तशीच हातात ठेवून त्यांनी माझा खांदा धरला. म्हणाले, हिचं गुडघं बसलं बघ, न्हायतर आम्ही तुझं वाजवणं चुकवलं असतं व्हय. रोज दोन्ही वेळेला ते स्वतः तेल लावून चोळतात, बाजारहाट करतात, तिला उठू देत नाहीत, हे सगळं त्यांनी अभिमानानं सांगितलं. तालमीतल्या चार पैलवानांना सांगून तिला खुर्चीत बसवून माडीवर न्यायचं त्यांनी ठरवलं होतं, पैलवान तयार होते, पण ही लाजते.

"तूच सांग की हिला," काका म्हणाले. "एकदा चल म्हणावं. तुझं ऐकंल ती. घरात बसून बसून वाळली बघ."

ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. त्यांच्या खांद्यामागे काकू बसल्या होत्या. त्यांनी मान अगदी थोडी, नाही अशी हलवली.

मी काकांसमोर वाकून स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोंड वेडंवाकडं करून दुखल्याची खूण केली आणि हातानंच सांगितलं, नको, जिना नको, घरीच राहू दे त्यांना.

काकांनी ते नीट बघून घेतलं. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतोस तर मग न्हाय आग्रह करत."

त्यांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही, हे मला काकूंकडून कळलं, काका गेले तेव्हा. वर्षभरात काकूही गेल्या. त्या रविवारी मात्र मी चपला घालून दारातच थांबलो होतो. काकांनी फळीवरची तेलाची वाटी काढली आणि काकूंच्या पायाशी बसले. काकूंनी आपला धडधाकट पाय त्यांच्यापुढे केला, आणि काका तो जपून, दुखणार नाही अशा बेतानं चोळायला लागले.